कबरीची चार पिल्लं गेली, आता काळीला बसवू का?

मावशी, नमस्कार. आम्ही नवी मुंबईतल्या घणसोली गावात राहतो. घराच्या मागे दहा बाय बारा फुटांचं परस आहे, तिथे सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. आषाढात आमची कबरी अंडी घालायच्या टोपलीतच खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली. बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत अंडी घालत राहिल्या, आम्ही ती काढली नाहीत. होता होता एकोणीस झाली. त्यातून सहा पिल्लं निघाली, तीही मागेपुढे. तिसऱ्या दिवशी कबरी पिल्लं घेऊन उठली ती परत बसलीच नाही. उरलेली अंडी फोडून पाहिली तर काहींत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली होती. सहातलं एक दुसऱ्या कोंबडीने टोचून मारलं, दोन कावळ्यांनी नेली, एक रात्रीत खुराड्यातून नाहीसं झालं. दोन उरलीत. माझी मुलगी पाचवीत आहे. तिने सहाही पिल्लांना नावं ठेवली होती. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

आता काळी खुडूक झालीय. सासूबाई म्हणतात, पाण्यात बुडव नाहीतर नाकात पीस घाल, उठेल. मुलगी म्हणते, हिला बसवूया. शेजारच्या काकी म्हणतात, दुकानातली अंडी ठेवली तरी चालतात. मला पुन्हा तेच बघायचं नाहीये. काय करू?

— घणसोलीतून एक ताई

ताई,

काळीला बसवा. मुलीचं ऐका. फक्त आजच्या आज तिच्याखाली अंडी सरकवू नका, आधी तिची जागा करा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कबरीची एकही चूक मला सापडली नाही. ती एकवीस दिवस बसली, पिल्लं काढली आणि वेळेवर त्यांना घेऊन उठली. कोंबडीला आईपण शिकवावं लागत नाही. पण भिंत घालणं, दार लावणं, दुसरीची अंडी बाजूला काढणं तिला जमत नाही. ते आपण करायचं. तुमच्याकडे तेवढंच राहून गेलं आणि ते सगळं सुधारता येण्यासारखं आहे.

आधी एकोणीस अंड्यांचं काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. अंडं घातल्यावर ते थंड होतं आणि आतला जीव थांबून राहतो. ऊब मिळाली की तो वाढायला लागतो आणि तिथून एकवीस दिवस मोजायचे. कबरी बसली तेव्हा टोपलीत होती त्या अंड्यांचे एकवीस दिवस भरले, तेव्हा पाच दिवसांनी कुणीतरी घातलेल्या अंड्याचे सोळाच भरले होते. पिल्लू बाहेर पडायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्याच्या जोरावर दोन दिवस काही न खाता-पिता तगतं. आई तेवढीच वाट बघते. त्यानंतर बाहेर आलेल्यांना दाणापाणी दाखवायला तिला उठावंच लागतं. मागच्या अंड्यांसाठी ती बसून राहिली असती, तर पुढची उपाशी मेली असती. तुम्हाला पूर्ण वाढलेली मेलेली पिल्लं दिसली ती अशी, एक-दोन दिवसांनी मागे राहिलेली.

शिवाय एकोणीस अंडी गावठी कोंबडीच्या पोटाखाली मावतच नाहीत. लोकांना वाटतं, दोन-चार कडेला राहिली तर तेवढी दोन-चार वाया जातील. तसं होत नाही. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी हलवते, कडेचं आत घेते, आतलं कडेला ढकलते. म्हणजे आज एक अंडं गारठतं, उद्या दुसरं, परवा तिसरं. जास्तीची पाच अंडी सगळ्या टोपलीचं नुकसान करतात. काळी दीड किलोच्या आसपास असेल तर दहा ठेवा, अंगाने भरलेली असेल तर बारा. ती बसल्यावर समोरून वाकून पाहा. एकही अंडं पिसांबाहेर डोकावता कामा नये.

ती खरंच खुडूक आहे ना, हे एकदा रात्री पाहून घ्या. दिवसा टोपलीत रेंगाळणाऱ्या कोंबड्या पुष्कळ असतात. खरी खुडूक रात्री दांडीवर न जाता अंड्यांच्या जागीच बसते, हात नेला की अंग फुगवते, घशातून गुरगुरते, टोचते. पोटाला हात लावला तर ऊन लागतं आणि तिथली पिसं तिने उपटलेली असतात. दिवसातून एकदाच उठते आणि मोठी, फार घाण वास येणारी विष्ठा टाकते. हे सगळं असेल तर पुढे चला.

जागा बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी हवी, पण त्यांच्या नजरेआड नको. परसातला अर्ध्या उजेडाचा कोपरा, जिथे पागोळीचं पाणी येत नाही, तिथे जाळीच्या आड तिची टोपली ठेवा. टोपली पसरट असू द्या. खोल टोपलीत कोंबडी वरून उडी मारते आणि अंडी फुटतात. तळाला दोन इंच माती घाला, हाताने मध्ये थोडा खड्डा करा आणि वर सुका पेंढा. माती अंड्यांना ओलाव्याला मदत करते आणि खड्ड्यामुळे अंडी गडगडत कडेला जात नाहीत. आमच्या मुरबाडकडे आजी त्यात लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायची, ढगांच्या गडगडाटाने अंडी वाया जाऊ नयेत म्हणून. सासूबाईंना ठेवायचा असेल तर ठेवू द्या, कोंबडीला त्याचा त्रास नाही.

काळीला हलवायचं ते अंधार पडल्यावर. दिवसा हलवलेली कोंबडी चिडते, जुन्या जागेकडे धाव घेते आणि तिचा खुडूकपणा मोडू शकतो. रात्री दोन्ही हातांनी पोटाखालून उचला, नव्या टोपलीत दोन जुन्या, पेन्सिलीने खूण केलेल्या अंड्यांवर बसवा आणि वरून गोणपाट टाका. दोन-तीन दिवस ती तिथे शांत बसली की मगच खरी अंडी. ते दोन-तीन दिवस वाया जात नाहीत, कारण तेवढ्यात तुम्हाला अंडी जमवायची आहेत.

अंडी तुमच्याच कोंबड्यांची घ्या. शेजारच्या काकींना सांगा की दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून काही निघणार नाही. त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्यामुळे अंड्यात जीव नसतो. दुकानात गावठी म्हणून मिळतात त्यांचं वय आपल्याला कळत नाही. तुमच्याकडे सात कोंबड्यांना एक कोंबडा आहे, ते प्रमाण चांगलं आहे. अंडी रोज गोळा करा, मध्यम आकाराची, नीट कवचाची घ्या आणि धुऊ नका. कवचावर जो पातळ थर असतो तोच बाहेरच्या जंतूंना अडवतो. फ्रिजमध्ये नको. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून, कोंड्यात खोचून ठेवा. आपल्याकडच्या दमट उकाड्यात पाच दिवसांपेक्षा जुनं अंडं मी घेत नाही. पाच दिवसांत आठच जमली तर आठच ठेवा.

सगळी अंडी एकाच संध्याकाळी ठेवायची. प्रत्येकावर पेन्सिलीने गोल काढा, शाईचं पेन नको. पुढे कधी तिच्याखाली बिनगोलाचं अंडं दिसलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, त्याच दिवशी काढून घ्या. एवढं एक जरी कबरीच्या वेळी झालं असतं तरी निम्मं दुःख टळलं असतं.

बसवण्याआधी तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का ते पाहा. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीवर उवा झपाट्याने वाढतात आणि अंग खाजायला लागलं की चांगली कोंबडीसुद्धा अंडी सोडून उठते. चुलीची किंवा शेगडीची चाळलेली राख पिसांच्या मुळाशी चोळा आणि तिच्या जाळीत राखेची एक पाटी ठेवा, उठेल तेव्हा ती स्वतःच लोळेल. मुंग्या मारायची पावडर किंवा डांबरगोळ्या मात्र अजिबात नकोत.

रोज सकाळी एकदा ती उठायला हवी. पंधरा-वीस मिनिटं खाते, पिते, शी करते, लोळते, परत बसते. तेवढ्याने अंड्यांना काही होत नाही. काही कोंबड्या इतक्या चिकट असतात की उठतच नाहीत आणि बसल्या जागी वाळतात. तशी असली तर तुम्ही उचलून खाली ठेवा, पण आधी पंखाखाली अडकलेलं अंडं काढून घ्या. ते पडून फुटलं की बाकी अंडी बरबटतात. खायला मका, गहू, ज्वारी असे सुके दाणे द्या.

सासूबाईंचं म्हणणं मी खोडून काढत नाही. प्रत्येक खुडूक कोंबडीला बसवायचं नसतं. सातातल्या चार एकदम बसल्या तर अंडी बंद होतात, कोंबडी वाळते, आणि भर पावसात पिल्लं निघून ओलीने मरतात. अशा वेळी खुडूक मोडावीच लागते, आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी मोडली तर लवकर मोडते. पण नाकात पीस घालू नका. कोंबडी तिथूनच श्वास घेते, ती तीन-चार दिवस तडफडत राहते. पाण्यात बुडवण्यामागे पोट गार करायचा हेतू बरोबर आहे, पण या हवेत भिजलेली कोंबडी लवकर आजारी पडते. तेच काम वारा करतो. जाळीच्या तळाचा पिंजरा किंवा फटी असलेला क्रेट विटांवर उचलून उजेडात ठेवायचा, खाली पेंढा काही नाही, दाणापाणी मात्र भरपूर. खालून वारा लागतो, पोट निवतं, अंधारी ऊबदार जागा मिळत नाही. तीन-चार दिवसांनी सोडून बघा. टोपलीकडे धावली तर अजून एक-दोन दिवस, दाण्याकडे गेली तर मोडली. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती परत अंड्यावर येते, म्हणजे अंडी घालू लागते. सासूबाईंना हे एकदा करून दाखवा. डोळ्यांनी पाहिलं की जुनी माणसं नवीन गोष्ट स्वीकारतात, माझ्या आजीनेही स्वीकारली होती.

काळीला मात्र बसवायचंच म्हणते त्याचं कारण महिना. आता गणपती येतील. गौरी विसर्जनाच्या आसपास अंडी ठेवलीत तर पिल्लं घटस्थापनेच्या तोंडावर निघतील. तोवर पावसाचा जोर कमी झालेला असतो, पुढे ऑक्टोबरचं कोरडं ऊन मिळतं आणि थंडी पडेपर्यंत पिल्लांना पिसं फुटलेली असतात. आषाढातल्या कबरीच्या पिल्लांना ही सोय नव्हती.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. वीस-एकविसाव्या दिवशी कान दिलात तर आतून चिवचिव ऐकू येईल आणि काळीचा आवाज बदललेला असेल, ती हळू कुकुक करून आतल्या पिल्लाला उत्तर देत असते. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. तेव्हा माणसाचा हात फार शिवशिवतो. कवच सोलू नका. आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकायच्या आधी सोललं तर पिल्लू रक्त जाऊन मरतं. या दिवसात राखायचं ते मुंग्यांपासून. चीर पडलेल्या अंड्यात लाल मुंग्या शिरतात आणि पिल्लू आतच संपतं. टोपली चार पायांच्या स्टुलावर किंवा पाटावर ठेवून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी द्या. ते पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच होतील. आणि पहिलं पिल्लू निघालं की टोपली हळूच उचलून जमिनीवर आणा, म्हणजे वरून कुणी पडणार नाही.

आता रात्रीत नाहीसं झालेलं पिल्लू. पत्रात तुम्ही त्यावर सगळ्यात कमी लिहिलंय, पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. कावळा दिसतो, त्याला हाकलता येतं. रात्री जे येतं ते दिसत नाही, आणि घणसोलीसारख्या गावठाणात, जिथे घराला घर आणि मधे उघडं गटार, तिथे ते बहुतेक वेळा घूस असते.

बाळकुमला आमच्याकडे एका कोंबडीने नऊ पिल्लं काढली होती. खुराडं मी नवीन जाळी लावून घेतलं होतं, ती षटकोनी छिद्रांची जाळी असते ना, कोंबडीजाळी म्हणूनच विकतात, ती. दाराला कडी, कडीला तार. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कोंबडी उभी होती. बसलेली नव्हती, उभी. एका पंखाची पिसं ओढलेली, आणि पायाशी तीन पिल्लं. सहा गेली होती. कोपऱ्यात माती उकरून मुठीएवढं बीळ पाडलेलं होतं, आणि तिथून गटाराच्या झाकणापर्यंत तपकिरी लव चिकटलेली दिसत होती. त्या सकाळी मला दोन गोष्टी कळल्या, त्या तुम्हाला इतकं नुकसान न होता कळाव्यात म्हणून लिहिते आहे. एक, ती जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती आहे, उंदीर-घुशीला बाहेर ठेवण्यापुरती नाही. त्या छिद्रातून लहान उंदीर आत येतो, घूस तार कुरतडते. दुसरी, कोंबडी रात्री दांडीवर बसते तेव्हा ती वाचते, पण आई पिल्लांना घेऊन जमिनीवर बसते आणि अंधारात तिला काही दिसत नाही. तिच्या पाठीमागून घूस पंखाखाली तोंड घालते आणि एकेक ओढून नेते. ती लढू शकत नाही. दिवसा मांजराच्या अंगावर धावून जाणारी कोंबडी रात्री आंधळी असते.

म्हणून पहिले सहा आठवडे आई आणि पिल्लं रात्री अशा पेटीत हवीत की जिचा तळही बंद आहे. अर्धा इंची वेल्डमेश जाळी मागा, चौकोनी छिद्रांची, जाड तारेची. ती चारही बाजूंना आणि तळालाही. तळ लाकडी फळीचा किंवा कोब्याचा असेल तर उत्तम. तीन बाय दोन फुटांची पेटी एका आईला पुरते. दाराखाली बोट जाईल एवढीसुद्धा फट नको. वाशीच्या फळ मार्केटमधून आंब्याचे जुने लाकडी खोके मिळाले तर दोन खोके जोडून आणि जाळी ठोकून सुतार अर्ध्या दिवसात पेटी करून देतो. संध्याकाळी उरलेला दाणा उचलून घ्या, घूस आधी दाण्यासाठी येते. उंदराचं औषध मात्र परसात टाकू नका. ते कोंबडी खाते, पिल्लं खातात, आणि औषध खाऊन मेलेला उंदीर मांजर खातं.

तुमच्याकडून खाडी आणि कांदळवन लांब नाही, तेव्हा मुंगूसही येत असणार. मुंगूस दिवसा येतं आणि एका वेळी अनेक मारून जातं. त्याला मारणं किंवा पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तशी गरजही नाही. हीच जाळी त्याला पुरून उरते. धामण शिरली तर सर्पमित्राला बोलवा.

कावळ्यांचं म्हणाल तर या वेळी जास्त सांभाळावं लागेल. काळी अंड्यांवर असेल तेव्हाच पितृपक्ष येतो, घरोघरी गच्चीवर पानं ठेवून आपण कावळ्यांना बोलावतो आणि पंधरवडाभर ते आळीत मुक्कामाला असतात. पिल्लं निघतील तेव्हा त्यांची तीच सवय चालू असेल. त्यामुळे पहिले दोन आठवडे पिल्लं उघड्यावर नकोतच. त्यानंतरही परसावर जुनी मासेमारीची जाळी ताणून बांधा. दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या कोळीवाड्यांत फाटलेली जाळी सहज मिळते. घारीला वरून झेप घ्यायला मोकळी जागा लागते, जाळी दिसली की ती खाली येत नाही. परसात एखादं उपडं डालगं, केळीचं झुडूप किंवा कलती फळी ठेवा. आईने इशारा दिला की पिल्लांना पळून शिरायला जागा हवी, मोकळ्या कोब्यावर ती कुठे जाणार?

दुसऱ्या कोंबडीने टोचून मारलेलं पिल्लू हा भाग जरा नाजूक आहे. कोंबड्यांमध्ये मान ठरलेला असतो, कोण कुणाला टोचणार आणि कोण कुणाच्या आधी खाणार. नवखं पिल्लू त्यात कुठेच बसत नाही. आई अंगाने आणि मानाने वरची असेल तर कुणी जवळ येत नाही, दबणारी असेल तर पिल्लांचे हाल होतात. आणि महिनाभर पूर्ण नजरेआड ठेवलेली आई परत आली की तिलाच सगळ्या नव्याने टोचतात. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं, जाळीच्या आड पण डोळ्यांसमोर. रोज दिसत राहिली की तिची जागा टिकते आणि पिल्लंही ओळखीची होतात. दोन आठवड्यांनी संध्याकाळी, बाकीच्यांची पोटं भरलेली असताना, आईसकट अर्धा तास सोडा आणि तुम्ही तिथे बसा. तीन-चार दिवसांत कळेल कोण त्रास देतंय. एखादीच असते. तिला तेवढा अर्धा तास डालग्याखाली ठेवा.

पिल्लांचा दाणा मोठ्यांनी खाऊन टाकू नये म्हणून एक खोका उपडा करून चार विटांवर दोन-अडीच इंच उचला आणि दाणा त्याच्या आत ठेवा. पिल्लं आत जातात, मोठ्यांची मान पोचत नाही. दाणा म्हणून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, आणा, पहिले सहा-आठ आठवडे तेच. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. उलट काळीने पिल्लांचा दाणा खाल्ला तर चालतो, ती तेव्हा अंडी घालत नसते. सोबत तांदळाची कणी चालेल. घरात वाळवलेला जवळा असेल तर चिमूटभर कुटून द्या, पण मीठ लावलेली सुकी मासळी नको, मीठ पिल्लांना बाधतं. पाणी बशीत, आणि बशीत गोटे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिले तीन दिवस पेटीत गोणपाट अंथरा. वर्तमानपत्रावर पाय सरकून फाकतात आणि तसेच राहतात. नंतर भाताचं तूस, रोज ढवळलेलं, ओलं झालं की काढून टाकलेलं. ओल्या तुसातूनच तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण लागते. पिल्लू पिसं फुगवून डोळे मिटून उभं दिसलं आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जा, एका दिवसाचा उशीर महागात पडतो.

लसीकरणाकडे घरगुती कोंबडीवाले लक्ष देत नाहीत आणि मग मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की आख्खी आळी रिकामी होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. आठव्या आठवड्यात मानमोडीचं कातडीखालचं इंजेक्शन, आणि त्याच सुमारास कोंबड्यांच्या देवीची लस. देवी डासांमुळेही पसरते, आणि खाडीकाठच्या गावात डासांबद्दल मी तुम्हाला काय सांगू! अडचण अशी की लासोटाच्या एका कुपीत शंभर-दोनशे पिल्लांचे डोस असतात आणि कालवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या कोंबड्या पाळणाऱ्या घरांनी एकच दिवस ठरवा, कुपी बर्फात आणा आणि सगळ्यांची पिल्लं एकत्र उरका. एकाच घरची पिल्लं सुरक्षित राहून उपयोग नाही, मानमोडी शेजारच्या परसातून येते. डॉक्टरांसाठी १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: धडाधड एकामागून एक कोंबड्या मरायला लागल्या तर त्या कापून खायच्या नाहीत, गटारात टाकायच्या नाहीत, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता.

कबरीच्या दोन पिल्लांबद्दल. ती आता चार आठवड्यांची असतील. काळीची पिल्लं निघाली की सगळी एकत्र ठेवायचा मोह होईल, तो टाळा. काळी त्यांना टोचेल, आणि कबरी काळीच्या पिल्लांना. कबरी आणि तिची दोघं होती तशीच राहू द्या. आठ-दहा आठवड्यांत ती स्वतःच त्यांना टोचून लांब करेल आणि परत अंड्यावर येईल. ते टोचणं पाहून मुलीला वाईट वाटेल, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा की आई त्यांना आता मोठं समजते आहे.

मुलीला नावं ठेवायला मनाई करू नका. तिला काम द्या. संध्याकाळी पेटी बंद करायच्या आधी पिल्लं मोजायची, ही रोजची जबाबदारी तिची. आणि त्याआधी, अंडी ठेवल्यापासून सातव्या रात्री, खोलीतला दिवा बंद करून एकेक अंडं तुमच्या मुठीत धरा आणि मोबाईलचा टॉर्च तिला अंड्याच्या रुंद टोकाला लावू द्या. काही अंडी नुसती पिवळी, स्वच्छ दिसतील, ती रिकामी आहेत, काढून घ्या. बाकीच्यांत मधोमध एक काळसर ठिपका दिसेल आणि त्यापासून चारी बाजूंना कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा पसरलेल्या असतील. हात स्थिर ठेवलात तर तो ठिपका हलताना तिला दिसेल.